निळा लावा, पण फिका

१४ एप्रिल जवळ आला की बाळकुमच्या वस्त्यांत शिड्या निघतात. निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा, १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्यापासूनचा. म्हणून चारही भिंती गडद निळ्या करायचा मोह होतो. आम्हाला ते पटत नाही. एकाच खिडकीच्या खोलीत गडद रंग उजेड गिळतो, पोरांना भरदिवसा ट्यूब लावून अभ्यास करावा लागतो. फिका आकाशी घ्या, छत पांढरेच ठेवा. ऊन येतच नसेल तर आकाशीही राखाडी दिसतो. तिथे खिडकीसमोरची भिंत क्रीम करावी. बाबासाहेबांच्या फोटोमागे गडद निळा हवाच, तर तेवढ्याच भिंतीला.

खाडीकाठची हवा दमट. ओल्या भिंतीवर ऑईल पेंट मारला की फुगे येतात, पोपडे निघतात, बुरशी धरते आणि दमेकऱ्याचे हाल होतात. आधी गळती थांबवा. चुन्यात पुडीतली नीळ कालवून दोन हात मारले तरी सुरेख आकाशी येतो, तोही स्वस्तात.

खरी भीती जुन्या ऑईल पेंटची. त्यात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. डब्यावर तसे छापलेले असते, ते वाचूनच घ्या. सुटा रंग नको. जुना रंग कोरडा खरवडू नका, भिंत भिजवून घासा. तोवर लहान मुले व गरोदर बायका शेजारी राहू द्या. रंगारी बहुतेक आपल्यातलेच. त्यांनाही मास्क द्या.