स्कॅन हाती आहे, रुग्ण कुठे आहे?

सीटी स्कॅनवरून कर्करुग्ण किती काळ जगेल याचे भाकीत करणारे संगणकीय प्रारूप हा सध्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा लाडका विषय आहे. प्रतिमा बहुधा परदेशी, खुल्या विदासंचातून उतरवलेल्या असतात आणि अचूकतेचा आकडा दिमाखदार असतो. उत्साहाचे मला कौतुक आहे; त्या आकड्यावर मात्र माझा विश्वास चटकन बसत नाही. त्यामागे एका गाजलेल्या शोधनिबंधाची कहाणी आहे.

२०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात ह्युगो एर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक गाठीच्या प्रतिमेतून आकार, करड्या छटांची वाटणी, पोत अशी ४४० गणिती वैशिष्ट्ये काढली होती. त्यांतल्या अवघ्या चारांवरून रुग्णाच्या आयुर्मानाचा अंदाज बांधता येतो, असा निष्कर्ष होता. रेडिओमिक्स या शाखेला त्यातून मोठे बळ मिळाले. कल्पना मोहक आहेच. बायॉप्सीची सुई गाठीचा एक कण काढून आणते. स्कॅनमध्ये अख्खी गाठ दिसते.

पाच वर्षांनी टोरांटोच्या संशोधकांनी एक साधी युक्ती केली. गाठीची सीमारेषा तशीच ठेवून आतल्या ठिपक्यांची मूल्ये पत्त्यांसारखी पिसून टाकली. पोत नाहीसा झाला, पण भाकीत जवळजवळ तितकेच चांगले राहिले! त्या चारांपैकी बहुतेक वैशिष्ट्ये आडवाटेने गाठीचे घनफळच मोजत होती. मोठी गाठ अधिक घातक, हे सांगायला मोजपट्टी पुरते. (मूळ संशोधकांनी प्रतिमा खुल्या केल्या होत्या म्हणून ही तपासणी शक्य झाली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.)

स्कॅनच्या कापांची जाडी, कॉन्ट्रास्टची मात्रा, प्रतिमा जुळवण्याची पद्धत यांवरूनही वैशिष्ट्यांची मूल्ये बदलतात. ती मोजण्याच्या व्याख्या जुळवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयत्न झाला आणि २०२० मध्ये १६९ वैशिष्ट्यांची प्रमाणित मूल्ये जाहीर झाली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक फुप्फुसांवर जुन्या क्षयाचे व्रण असतात. युरोपीय फुप्फुसांवर शिकलेल्या प्रारूपाने असे व्रण क्वचितच पाहिलेले असतात.

पण या अडचणी तांत्रिक आहेत, आज ना उद्या सुटतील. माझी खरी तक्रार वेगळी आहे. भाकितासाठी दोन गोष्टी लागतात: प्रतिमा आणि पुढे काय झाले त्याची नोंद. पहिली आपल्याकडे मुबलक आहे. दुसरीचे काय?

एक रुग्ण शेकडो मैलांवरून मोठ्या शहरात येतो. स्कॅन होतो, किरणोपचार सुरू होतात. सहा आठवड्यांचे उपचार तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण राहण्याचे पैसे संपले किंवा गावी पेरणी आली. नंतर फोन लागत नाही. आकडेशास्त्राच्या भाषेत हा रुग्ण ‘सेन्सॉर्ड’: अमुक तारखेपर्यंत जिवंत होता, पुढचे ठाऊक नाही. नेहमीच्या पद्धती असे गृहीत धरतात की जे गळाले आणि जे टिकले, त्यांचे पुढचे नशीब सारखेच. आपल्याकडे गळणारा माणूस अनेकदा अधिक आजारी, अधिक गरीब, अधिक दूरचा असतो. गाठ मोठी होईपर्यंत त्याला डॉक्टरच भेटलेला नसतो. त्याचा मृत्यू गावात होतो, विदासंचात होत नाही. मग प्रारूप काय शिकते? मोठी गाठ तितकीशी घातक नसते! आणि ज्याने उपचार पुरे केले व ज्याने अर्धे सोडले, त्या दोघांचे पहिले स्कॅन हुबेहूब सारखेही असू शकतात. फरक ठिपक्यांत नाहीच. कितीही खोल जाळे टाकले तरी तो हाती लागणार नाही.

देशात काम चालू नाही असे नाही. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आणि आयआयटी खरगपूरने ‘छवी’ हा किरणोपचारातील प्रतिमांचा संग्रह उभारला आहे. नीती आयोगाच्या २०१८ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक धोरणपत्रातही कर्करोगाच्या प्रतिमापेढीची चर्चा आहे. हे स्वागतार्ह आहे. तरीही मला अधिक आदर वाटतो तो एका जुन्या, अनाकर्षक कामाबद्दल. मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी चालते. आपल्याकडील नोंदणी कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन कागद तपासतात, मृत्यूच्या नोंदी चाळतात, नावे जुळवतात. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द त्यांच्या कामाला कोणी लावत नाही, पण प्रारूपाला हवे असलेले अर्धे उत्तर त्यांच्याच वह्यांत असते. संगणकखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत रुग्णांचा ठावठिकाणा घेणाऱ्या दोन माणसांचा पाच वर्षांचा पगार मागितला, तर तो मंजूर व्हावा. आज तसा पगार मागायलाच संशोधक संकोचतात, कारण त्यातून शोधनिबंध लवकर निघत नाही.

विद्यार्थ्यांनी आपल्या निबंधाच्या पहिल्याच तक्त्यात, अचूकतेच्या वर, किती रुग्णांचा पुढे पत्ता लागला नाही आणि त्यांच्या गाठी इतरांपेक्षा मोठ्या होत्या का, हे छापावे. आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री एकदा ठिपके पिसून पाहावेत. दहा-पंधरा ओळींचे काम आहे.