वाफसा निघून गेल्यावर पेरणी कसली?

पाऊस झाला, वाफसा आला की आपण पेरणी उद्यावर टाकत नाही. बियाणे उसने आणतो, बैल मागून आणतो, पण तिफण चालवतो. कोरडवाहू रानात आठवड्याचा उशीर खळ्यावर दिसतो, हे कळायला कृषी पदवी लागत नाही. मग पोर दीड वर्षाचे झाले तरी बसत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा ‘होईल मोठे झाल्यावर’ म्हणून आपण पाच-सात वर्षे कशी घालवतो?

गावबैठकीत आम्ही विचारतो, गावात अशी मुले किती? पुरुष म्हणतात, आमच्याकडे कोणी नाही. बायांची बैठक वेगळी घेतली की एकेक घर मोजले जाते. कोणाचे पोर ताठरते, कोणाचे एकटेच हात हलवत बसते, कोणाचे चौथीत असून अक्षर ओळखत नाही. आणि दोष सगळा आईवर. म्हणे ग्रहणात भाजी चिरली! जन्मताच न रडणे, दिवस भरण्याआधी जन्म, जोराची कावीळ, मेंदूज्वर, गुणसूत्रातला दोष ही कारणे असतात. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. ग्रहणाचा आणि विळीचा त्यात काही संबंध नाही.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू सर्वांत वेगाने घडतो. ज्याचे हातपाय ताठरतात त्याला रोज व्यायाम आणि बसण्याची नीट पद्धत मिळाली नाही, तर सांधे आखडत जातात. ज्याला ऐकू येत नाही त्याला लवकर यंत्र किंवा खुणांची भाषा मिळाली नाही, तर त्याची भाषाच खुंटते. उशीर झाला म्हणजे सारे संपले असेही नाही. दहा वर्षांचे पोरही आपल्या हाताने जेवायला, कपडे घालायला, पैसे मोजायला शिकू शकते. पण दुबार पेरणीचा खर्च जास्त आणि उतारा कमी, हे आपण जाणतो.

सरकारच्या कागदावर पीक मोठे जोमदार आहे. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. त्या जागी २०१६ चा कायदा आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत, स्वमग्नताही आहे. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुले तपासायला यायचे असते. सापडलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. तिथे व्यायाम करून घेणारे, बोलायला शिकवणारे, विशेष शिक्षक असे सगळे एका छपराखाली असावेत अशी योजना आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा.

आता हिशेब मांडू. केंद्र जिल्ह्याच्या गावी. उपचार आठवड्यातून एकदा धरला तरी वर्षाला ५२ खेपा. प्रत्येक खेपेला आईची एक मजुरी बुडते, आणि वेचणीच्या दिवसांत तर बोंडे फुटून कापूस खाली पडतो. सात वर्षांचे पोर कडेवर घेऊन फाट्यापर्यंत चालायचे, एसटीची वाट पाहायची, तिथे गेल्यावर कळते की आज मॅडम रजेवर आहेत. एसटीत सवलत आहे, पण ती प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्रासाठी आणखी खेपा. दोन-तीन महिने जाऊन घर थकते. मग फाइलवर शेरा पडतो: पालक अनियमित.

कर्ज थकले की शेतकरी आळशी, हे उत्तर आपण कधी मानले नाही. त्यामागचे अर्थकारण मांडले. मग ‘पालक जागरूक नाहीत’ हे उत्तर का मानायचे? ज्या सेवेला पोहोचायला वर्षाची ५२ मजुरी मोजावी लागते ती सेवा मोफत नाही. आणि सरकारी दार लांब असले की ‘पोराला पक्के बरे करतो’ म्हणणारे दुकान जवळचे वाटते, त्यात एखादा एकर जातो.

म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात उपचार करणारा माणूस बसलाच पाहिजे. त्या दिवशी घरचे कोणी तरी तालुक्याला येतेच. शंभर पालकांनी जिल्ह्याला जाण्यापेक्षा दोन माणसांनी तालुक्याला येणे स्वस्त आहे.

दुसरी. आठवड्यातला एक तास पुरत नाही, उरलेले सहा दिवस घरचेच. तेव्हा त्या माणसाने आईबापांना काम शिकवून पाठवावे. भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीच्या गुंडाळ्या लावून पोराला बसवणे, आडवे न ठेवता बसवून भरवणे, चिमटीने बोंडातला कापूस ओढायचा खेळ, यांना पैसा लागत नाही. शिकवणारा लागतो. आणि बापानेही शिकावे. औताला जायच्या आधीची पंधरा मिनिटे त्याच्याकडेही आहेत.

तिसरी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. आधाराची खुर्ची, चालायचा आधार, उपचाराचा प्रवासखर्च यांसाठी तो मागा.

चौथी. शाळेच्या पटावर नाव आहे, पण विशेष शिक्षक महिन्यात किती वेळा आला, त्याची नोंद शाळा समितीसमोर ठेवा.

मागण्या करायच्या तर आकडा आपल्या हाती हवा. पुढच्या जिल्हा बैठकीआधी प्रत्येक तालुक्याने गाववार यादी करावी: मुलाचे वय, अडचण काय, प्रमाणपत्र आहे का, शेवटचा उपचार कधी मिळाला. यादी बायांनी करावी, घरच्यांना विचारूनच करावी आणि नावे बैठकीत वाचू नयेत. फक्त आकडे आणावेत. ते घेऊन आपण जिल्हा शल्यचिकित्सक आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ.