विमान १४ तासांचं, वाट ४२ तासांची

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास लागतात, येताना १४. येताना उंचावरचे वारे विमानाला मागून रेटतात, म्हणून हा फरक. माझी धाकटी नणंद न्यूजर्सीला गेली तेव्हा हे आकडे घरात सगळ्यांना पाठ झाले होते. सासूबाई तर शेजारणींना ऐटीत सांगायच्या, "१४ तास म्हणजे काय गं, एक झोप काढली की लेक दारात!"

गेल्या वर्षी श्रावणात त्यांना ताप आला. रविवारी पालघरला डॉक्टरांना दाखवलं. "तिला कशाला कळवता? उगाच जीव टांगणीला लागेल," असं त्याच म्हणाल्या. आम्हालाही पटलं. नणंदेचा रोज फोन यायचा आणि "आई आत्ताच झोपल्यात, बऱ्या आहेत," असं मीच सांगायची. गुरुवारी रात्री डॉक्टर म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." तेव्हा कुठे खरं सांगितलं.

ती लगेच निघाली. पण तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवसाचं. मग विमानतळावर तीन तास आधी हजर राहणं, १४ तासांचं विमान, मुंबईत पासपोर्टची रांग, सामान, आणि पुढे हायवेची गर्दी, मनोर, पालघर, शिरगाव. फोन ठेवल्यापासून आमच्या अंगणात पाऊल टाकेपर्यंत ४२ तास झाले. सासूबाई त्याच्या ७ तास आधी गेल्या होत्या.

तिच्यासाठी थांबलो होतो, म्हणून शेवटचं दर्शन तरी झालं. रात्री ती एवढंच म्हणाली, "वहिनी, रविवारी सांगितलं असतंत तर मंगळवारी मी इथे असते. तेव्हा आई बोलत होती ना?"

बोलत होत्या. मी काय उत्तर देणार?

दुखणं लपवायची ही सवय आपल्याला जुन्या काळाने लावली. लेक बोईसरला नाहीतर डहाणूला दिलेली असायची. सकाळी निरोप गेला की संध्याकाळपर्यंत ती माहेरी यायची. तेव्हा दोन दिवस थांबून कळवलं तरी चालून जायचं. आता लेकी सातासमुद्रापार गेल्या, सवय मात्र बोईसरचीच राहिली. आपण त्याला माया म्हणतो. पण यायचं की नाही, हे तिने ठरवायचं असतं. तो हक्क मी तिच्याकडून चार दिवस काढून घेतला.

म्हणून मैत्रिणींनो, घरातलं कोणी परदेशी असेल तर पहिल्या तापालाच खरं सांगा. विमानाचे तास मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे मोजा. आकाशातली वाटही कायम तीच राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या कितीतरी विमानांना वळसा पडला. मुलांच्या पासपोर्टची मुदत आहे का, परत जायचा व्हिसा चालू आहे का, तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड हाताशी आहे का, हे एकदा विचारून ठेवा. प्रसंग आला तर किती वेळ थांबायचं, हेही घरात बोलून घ्या. अशुभ वाटतं, मान्य. पण न बोलल्याने काय होतं, ते मी पाहिलंय.

आता माझ्या आईचं साधं डोकं दुखलं तरी मी अमेरिकेतल्या भावाला कळवते. तो वैतागतो. वैतागू दे.