तुकडा काढण्याआधी

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नोकरीला गेलेल्या आमच्या एका जुन्या वर्गणीदाराने जानेवारीत एक फोटो पाठवला. मूळचा साताऱ्याकडचा, हाडाचा फिटर. फोटोत हातमोज्याच्या पंजावर बोल्टचं डोकं आणि त्याला लागून चारेक इंच दांडा. उरलेला तुकडा स्नोमोबाइलच्या क्रँकमध्ये. खाली एकच ओळ : ‘इझी आउट घालू, की नट वेल्ड करून फिरवू?’

मी उलट लिहिलं, ‘आधी भिंग लाव.’

स्नोमोबाइल म्हटलं की आपल्याकडच्या मेकॅनिकला वाटतं, हे भलतंच प्रकरण असणार. तसं ते नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि तेव्हापासून व्हेरिएटर, व्ही-बेल्ट, मागची पुली हे आपल्या हाताखालून रोज जातंय. बर्फावरच्या गाडीतही तेच आहे, फक्त दणकट. स्कूटरमध्ये मागच्या पुलीनंतर गिअर आणि चाक. तिथे मागची पुली जॅकशाफ्टवर, जॅकशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला चेनकेस, चेनकेसमधून खाली ड्राइव्हशाफ्ट आणि त्यावर रबरी पट्टा. आपल्या स्कूटरचा व्हेरिएटर क्रँकच्या टोकाला नटाने धरलेला असतो. तिथे क्रँकचं टोक टेपर असतं आणि पुढच्या पुलीच्या पोटातून एक लांबलचक बोल्ट क्रँकमध्ये जातो. मोडला तो हाच.

आता या बोल्टचं काम काय? दहा जणांना विचारा, नऊ जण सांगतील, ‘पुली फिरवतो.’ चूक. पुली फिरवतो टेपर. बोल्टने पुली टेपरवर दाबून धरायची, एवढंच. टेपर नीट बसला असेल तर बोल्टला सुखाने निवृत्त होता येतं. टेपरवर तेल असेल, कचरा असेल, किंवा कुणी भल्या मनाने ‘पुढच्या वेळी सहज निघावं’ म्हणून ग्रीस चोपडलं असेल, तर पुली केसभर हलायला लागते. मग क्रँकच्या दर फेऱ्याला बोल्ट किंचित वाकतो, परत सरळ होतो. पोलाद हे लाखो वेळा सहन करतं आणि एक दिवस करत नाही.

ते कुठे तुटतं, तेही ठरलेलं. नट-बोल्टच्या जोडीत भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. पकडीतला पहिला आटाच साधारण एक तृतीयांश भार उचलतो. तुकडा नेमका भोकाच्या तोंडाशी मोडलेला दिसतो त्याचं कारण हे.

म्हणून भिंग. मोडलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा, एका कडेपासून पसरत गेलेल्या, आणि उरलेला कोपरा खरबरीत : हा थकून तुटला. शेवटी त्यावर किती भार होता हे त्या खरबरीत कोपऱ्याच्या आकारावरून कळतं. मान बारीक होऊन तोंड वाटीसारखं झालंय : हा ओढून तुटला. तोंड सपाट आणि त्यावर भोवऱ्यासारखा पीळ : हा तुमच्या-माझ्यासारख्या कुणीतरी पान्याला पाइप लावून पिळून मोडला. तीन तोंडं, तीन वेगळी दुरुस्ती. आपल्या वर्कशॉपमध्ये मात्र तिन्हींना एकच उत्तर मिळतं, ‘नवा टाक, आणि या वेळी जरा जास्त आवळ.’

जास्त म्हणजे किती? टॉर्क पान्यावर दिसणाऱ्या आकड्यातला जेमतेम १० ते १५ टक्के जोर बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. त्यामुळे पुस्तकात कोरडे आटे सांगितले असताना आपण तेलाचा थेंब सोडला, तर तोच आकडा बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. उलट, आट्यात जुना लॉकटाइट खरवडल्याशिवाय तसाच असेल, तर पाना ‘कट’ करतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. काही स्नोमोबाइलच्या पुस्तकात तर पुली आवळल्यावर गाडीचा मागचा भाग उचलायचा, थोडी रेस द्यायची, ब्रेक मारायचा, असं काही वेळा करून बोल्ट पुन्हा आवळायला सांगितलंय. टेपर बसायला एवढं करावं लागतं. ही पायरी कोण करतं, हे विचारून मी कुणाला अडचणीत आणत नाही.

थंडीचा हिशेब निराळा. चेनकेस ॲल्युमिनियमचं, त्याचे बोल्ट पोलादी. तापमान एक अंश उतरलं की ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन आकसतं, पोलाद १२. वर्कशॉपमध्ये २० अंशांना आवळलेली गाडी बाहेर उणे ३० मध्ये उभी केली, की फरक पडला मीटरमागे ५५० मायक्रॉनचा. ८.८ ग्रेडचा बोल्ट चांगला आवळला तरी ताणलेला असतो मीटरमागे २००० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे ढोबळमानाने पाव ताण नुसत्या गारठ्याने गेला. गाडी तापली की तो परत येतो, संध्याकाळी पुन्हा जातो. गोव्यात वास्कोला आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे. तिच्या अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या केंद्रांवरही वाहनं सांभाळणारी माणसं लागतात. आपल्यापैकी कुणी तिकडे निघालाच, तर हा हिशेब खिशात ठेवावा.

राहिलं काढणं. यावर आपण तासन्‌तास बोलतो, म्हणून थोडक्यात. थकून तुटलेला तुकडा बहुतेक वेळा अडकलेला नसतो. डोकं गेलं तेव्हाच ताणही गेला. अणकुचीदार पंचने कडेला उलट टोचून बघा. नाही हलला तर बरोबर मध्यावर पंच आणि डावं ड्रिल. भोक पाडता पाडताच तो पुष्कळदा फिरून वर येतो. लाल लॉकटाइट असेल तर अडीचशे अंशांपर्यंत उष्णता द्या, पण शेजारी क्रँकचं सील आहे हे विसरू नका. इझी आउट सगळ्यात शेवटी. तो आत मोडला तर त्याला ड्रिल शिवत नाही, आणि मग भोसरीत स्पार्क इरोजनवाल्याच्या दारात जॉब घेऊन उभं राहावं लागतं. मॅनिटोबात तो किती मैलांवर असेल, कोण जाणे.

चार दिवसांनी आमच्या वाचकाचं उत्तर आलं. तोंडावर रेघा होत्या, दोन तृतीयांश भागभर. तुकडा पंचच्या टोकाने फिरला, पाच मिनिटांत हातात. मग त्याने टेपर पुसला. त्यावर तांबूस भुकटी होती, गंजासारखी, पुली आत घासत असल्याची. प्रशियन ब्लू लावून पुली चढवून बघितली, तर ती फक्त टोकाशी टेकत होती. नवा बोल्ट त्याने बसवलाच नाही. गाडीच्या मालकाला शनिवारी तळ्यावर मासे धरायला जायचं होतं, त्याला बोल्टचं बिल हवं होतं, क्रँकचं नव्हे. गाडी तशीच ट्रेलरवर चढवून तो घेऊन गेला.

तुकडा आमच्या वाचकाने मागून घेतला. तो आता त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चुंबकाने चिकटवलेला आहे, मोडलेलं तोंड वर करून.