खुणेलाही गुन्हा ठरवणार?

महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकातली बेकायदा कृत्याची व्याख्या वाचली की संताप येतो. बोललेला वा लिहिलेला शब्द, खूण, दृश्य रूप, यांतले काहीही सार्वजनिक शांततेला धोका ठरवता येईल. कायद्याच्या अवज्ञेची शिकवण देणेही त्यातच. मग पोवाडा, पथनाट्य, भिंतीवरचे चित्र यांतले सुरक्षित काय उरले? हे कडव्या डाव्या संघटनांपुरतेच, असा खुलासा होतो. पण कडवे कोण, हे सरकारच ठरवणार.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९२१ च्या रामनवमीला शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सेनापती बापटांनी लोकांना कायदा मोडायलाच सांगितले होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा आणि मावळा असल्याचा अभिमान, एवढ्या बळावर शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. आज विधेयकाच्या व्याख्येत ती घोषणाही बसवता येईल. नव्वद वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध मावळचा शेतकरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरला. बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक शेतकरी बाई होती. शिवजयंतीच्या मिरवणुकीत सरकारला मावळा हवा असतो. तोच पाण्यासाठी, जमिनीसाठी आवाज चढवतो तेव्हा समोर बंदूक येते.

कलावंतांच्या वाट्याला हेच आले. शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाच्या तमाशांवर मुंबई सरकारने बंदी घातली, तेव्हा ते लोकनाट्य घेऊन उभे राहिले. पुढे २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले. पुण्याच्या कबीर कला मंच या कलापथकाच्या तिघा कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली; खटला उभा राहण्याआधीच त्यांची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. मेलेल्या शाहिराचा गौरव करायचा आणि जिवंत शाहिराला कोठडीत टाकायचे, ही लाज वाटावी अशी रीत आहे.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी तरी हे कोणी खपवून घेऊ नये. तुकोबांची गाथा याच नदीत बुडवायला लावली होती. ती लिहून जतन करणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधी मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. शब्द, खूण, दृश्य रूप आणि अवज्ञेची शिकवण, एवढा भाग विधिमंडळाने बेकायदा कृत्याच्या व्याख्येतून काढून टाकावा. मावळच्या आमदारांनी त्यासाठी सभागृहात उभे राहावे, आणि गावोगावच्या भजनी मंडळांनी, शाहिरांनी त्यांच्याकडे तशी लेखी मागणी करावी.