मालकाचे दिवाळे, संघटनेची तिजोरी

व्यावसायिक क्रीडा म्हणजे गुणवत्तेला मुक्त वाव, असे गोडवे भांडवली वृत्तपत्रे अखंड गात असतात. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड बॅरन्स या बर्फावरील हॉकीच्या संघाची कहाणी मात्र ती सोयीस्करपणे विसरतात.

हा संघ १९७६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडहून क्लीव्हलँडला हलविण्यात आला. खेळाडूंना कोणी विचारले? मालक होता हॉटेलव्यावसायिक, आणि संघ ही त्याची जंगम मालमत्ता. साडेअठरा हजार आसनांचे क्रीडागृह शहरापासून दूर, रिचफील्डच्या शेतांमध्ये उभे होते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि १९७७ च्या आरंभी पगार थकले. दोनदा पगार चुकल्यावर, फेब्रुवारीत, आपण बर्फावर उतरणारच नाही असा इशारा खेळाडूंनी दिला.

खेळाडू कसले कामगार, असे कुत्सितपणे विचारणारे येथेही भेटतील. ज्याचे श्रम दुसऱ्याच्या नफ्यासाठी विकले जातात आणि ज्याला न विचारता दुसऱ्या गावी पाठविता येते, त्याला दुसरे काय म्हणावे?

हा इशारा लढ्यात उतरलाच नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या साह्याने सुमारे १३ लक्ष डॉलर्स उभे राहिले, आणि ८० पैकी केवळ २५ सामने जिंकून हंगाम कसाबसा संपला. वेतन थकविले मालकाने आणि त्याला तारण्यास हात पुढे झाला संघटनेचा! मालकाची तूट कामगारांच्या संघटनेने भरून काढायची, हा कोठला वर्गलढा? संघटनेचे प्रमुख अ‍ॅलन ईगलसन हे एकाच वेळी खेळाडूंचे दलाल, कामगार पुढारी आणि मालकांचे स्नेही होते. पुढे १९९८ साली फसवणुकीचे गुन्हे कबूल करून ते तुरुंगात गेले. ते आरोप बॅरन्सच्या कर्जाबद्दलचे नव्हते, हे नमूद केले पाहिजे; परंतु असल्या नेतृत्वाच्या हाती तिजोरीची किल्ली होती.

त्याच १९७७ च्या सप्टेंबरात ओहायोतील यंग्जटाऊनच्या पोलाद कारखान्याने सुमारे पाच हजार कामगारांना घरी बसविण्याची घोषणा केली. तेथे तारणहार कोणी धावला नाही.

बॅरन्स दरम्यान क्लीव्हलँडच्या धनाढ्य गुंड बंधूंकडे गेला. दुसरा हंगामही तोट्यात गेला, आणि जून १९७८ मध्ये तो मिनेसोटा नॉर्थ स्टार्समध्ये विलीन करण्यात आला. दोन संघांच्या खेळाडूंतून एक संघ निवडायचा, म्हणजे उरलेल्यांनी अन्यत्र पोट शोधायचे. गुंड बंधूंना मात्र पोट शोधावे लागले नाही. १९९० साली त्यांना लीगने सॅन होजे येथे नवा संघ काढण्याचा हक्क दिला, आणि १९९१ पासून तो संघ खेळूही लागला.