बेटांची स्वतःची वैद्यकीय पथके

पॅसिफिक महासागरातील टोंगा राज्यात १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या आणि समुद्रतळाची तार तुटून जेमतेम एक लाख वस्तीचे ते राष्ट्र जगापासून तुटले, तेव्हा साहाय्यार्थ निघालेल्या परदेशी जहाजांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. टोंगात तोवर कोविडचा शिरकाव जवळजवळ झालेलाच नव्हता. म्हणून सामग्री तेवढी धक्क्यावर उतरवून घ्यावी, माणसांचा संपर्क मात्र होऊ देऊ नये, असा बंदोबस्त तेथील सरकारने केला, आणि मदतीस आलेल्या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवरच काही खलाशी बाधित निघाल्याने ही दक्षता सार्थ ठरली. अशा समयी मँगो बेटावर झाडून सारी घरे नष्ट झालेल्यांच्या आणि नोमुका बेटावरचे आरोग्यकेंद्रच लाटेने नेलेल्यांच्या साहाय्यास टोंगाच्याच नौदलाबरोबर टोंगाचेच आरोग्यपथक गेले, आणि नोमुकावर तात्पुरते रुग्णालय उभे राहिले.

हैतीतील २०१० च्या भूकंपानंतर परदेशी पथकांची जी अनियंत्रित गर्दी उसळली, तिचा अनुभव जमेस धरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा पथकांसाठी किमान निकष घालून दिले. एका जागी राहणाऱ्या पहिल्या वर्गाच्या पथकाने रोज निदान १०० बाह्यरुग्ण तपासावेत आणि अन्न, पाणी, वीज, निवारा यांची तजवीज आपली आपण करावी, अशी ही कसोटी; २०१९ मध्ये फिजी या पॅसिफिकमधल्याच बेटराष्ट्राचे पथक या कसोटीस उतरले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परंतु तंबू, पेट्या आणि जनित्रे मिळाली म्हणजे पथक झाले असे नव्हे. पथकातील परिचारिका एरवी कोठल्या तरी रुग्णालयात पाळी सांभाळीत असते; ती दूरच्या बेटावर तैनात झाली की तिच्या मागे राहिलेली खाट कोणी पाहावी? जेथे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, तेथे हा प्रश्न सर्वांत बिकट होय, आणि देणगीदारांच्या मदतीत यंत्रांना स्थान मिळते तसे बदली माणसांच्या वेतनास सहसा मिळत नाही. त्यातच अधिक वेतनासाठी अनुभवी परिचारिका ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची वाट धरतात; त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या देशांची रुग्णालये या शिकल्यासवरल्या हातांवर चालतात, त्यांनीच बेटांवर तितक्याच नव्या परिचारिकांच्या शिक्षणाचा आणि पथकाच्या राखीव पाळ्यांचा खर्च आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात कायमचा धरावा.